किडीने पास केलेलं वांगं

वांगं विकत घ्यायला गेलेल्या माणसाला आधी परीक्षा द्यावी लागते, हे मला नंदुरबारात कळलं. परीक्षा घ्यायची जमनामाय. बाजाराच्या दिवशी आमच्या डेपोसमोरच्या निंबाखाली ती टोपल्या मांडून बसे. गिऱ्हाईक वाकून वांग्याला हात लावणार, तेवढ्यात वरून आवाज येई.

"घरमा कितला खाणारा?"

"चार."

"रांधस कोण?"

"बायको."

"गूळ टाकस का वांगामा?"

इथे गिऱ्हाईक चाचरलं की संपलं. जमनामाय त्याच्या हातातलं वांगं काढून घेई आणि टोपलीत परत ठेवी. "मंग भोपया लई जा. त्याले गूळ चालस."

बाकीचे विकणारे ओरडून गिऱ्हाईक बोलवत आणि ही आलेलं परतवी. तापीकाठच्या गुजर पाटलांच्या घरातली बाई, गुजरी पद्धतीने उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला पदर, पायात चांदीची जाड कडी, आणि नाकात तपकीर ओढून झाली की जगाकडे "आता बोला" असं बघणं. वय विचारलं तर म्हणे, "रमण व्हयना तवय मी सोळानी व्हतू, आते तूच हिशोब कर." आणि रमणचं, म्हणजे तिच्या मुलाचं, वय विचारलं तर, "ते त्याले इचार."

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो. माझी शाळा चौथीत सुटली; शाळेने मला सोडलं की मी शाळेला, याबद्दल घरात दोन मतं होती. रत्नागिरीकडचं गाव सोडून, बायकोला तिथेच ठेवून, ओळखीच्या एका शेठच्या शब्दावर मी पंचविशी ओलांडल्यावर नंदुरबारात उतरलो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्याचा एक तालुका होता. शेठचा सरकारी खताचा डेपो होता. गोण्या उतरवायच्या, मोजायच्या, फाटलेल्या दाभणाने शिवायच्या, हे माझं काम. रोज सकाळी कुलूप उघडताना वाटायचं, आज शेठ म्हणणार, तू नको. का म्हणेल ते ठाऊक नसायचं, पण म्हणेल याची खात्री असायची.

पहिल्याच बाजाराला जमनामायने मला रस्त्यापलीकडून न्याहाळलं.

"कोठला रे तू?"

"कोकणातला."

"म्हंजे नवापूरकडना?"

तिकडे कोकणी समाजाची गावं आहेत, त्यातलाच एक मला समजली. मी म्हटलं, नाही हो, समुद्राकडचा.

"समुद्र? तठे वांगा व्हतस का?"

"होतात, पण कमी. आम्ही त्यात खोबरं घालतो."

तिने माझ्याकडे एखाद्याच्या घरी मयत झाल्यावर बघतात तसं बघितलं. मग फडक्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढली, तीवर हिरव्या मिरचीचा ठेचा ठेवला आणि हात लांब केला. "बठ. खाय. उपाशी माणूसले खोबरं सुचस."

त्यानंतर बाजाराच्या एकाही दिवशी तिने मला उपाशी ठेवलं नाही. आणि एकाही दिवशी टोमणा चुकवला नाही: "इकस खत, नि खास शेणनी भाकर." ती स्वतः फक्त शेणखत वापरे. मी मान खाली घालून खायचो. माझा पगार खताच्या गोणीवर होता आणि माझं जेवण खताला शिव्या देणाऱ्या बाईवर. दोन्हीपैकी एकालाही दुखवण्याची माझी ऐपत नव्हती.

जमनामायची शेती म्हणावी तर मोठी होती, पण तिची नव्हती. नवरा गेल्यावर सगळं वावर मुलाच्या, रमणच्या हातात आलं. कापूस, केळी, ऊस. तिच्याकडे राहिली ती विहिरीजवळची वांग्यांची लहानशी वाडी. तिच्यावरही रमणचा डोळा होता, कारण विहिरीचं पाणी आधी तिथे पोचे. रमण वाईट नव्हता. आमच्याकडे गोण्या न्यायला येई तेव्हा स्वतःच सांगे, "भाऊ, माय हट्टी शे. पण मी बोलनू ना तिले. टोपली रिकामी घर उनी तं वाडी तुन्ही. माल परत उना तं वाडीमा ऊस."

हा करार साऱ्या बाजाराला माहीत होता, कारण तो डोक्यावर दिसायचा. माल संपला की जमनामाय रिकामी टोपली उपडी करून डोक्यावर घाले, उन्हाला टोपीसारखी, आणि मोटारस्टँडकडे चालू लागे. माल उरला की टोपली सुलटी. त्या दिवशी कुणी तिच्याशी बोलत नसे.

मी एकदा सुचवून पाहिलं, उरलेली वांगी डेपोत टाका, रमणला काय समजतंय?

"त्याले नही समजाव," ती म्हणाली. "वांगाले समजी."

आमचं पांढरं खत आधी कुणी घेईना. साखरेसारखं दिसतं म्हणून लोक त्याला साखरखत म्हणत आणि चिमूटभर जिभेवर ठेवून थुंकत. मग एकाच्या वावरात कापूस कमरेएवढा झाला, आणि पुढच्या हंगामात आमच्या दाराशी बैलगाड्यांची रांग लागली. भाजीबाजारात त्याचा परिणाम लगेच दिसला. शेजारी बसणारा भिला माळी अशी वांगी आणू लागला की तान्ह्या पोराचं डोकं लहान वाटावं. तकतकीत. तेल चोळल्यासारखी. त्यांच्याशेजारी जमनामायची वांगी आजारातून उठल्यासारखी दिसत, आणि त्यातल्या निम्म्यांना किडीची भोकं.

"डोया लेस, जीभ भोगस," ती म्हणे. पण डोळे भिल्याकडे जात होते.

मग तिने खरं बोलून पाहिलं. येईल त्याला सांगू लागली, मन्हा वांगाले फकत शेणखत शे. हा मार्ग सर्वांत वाईट ठरला. खाण्याच्या वस्तूजवळ शेणाचं नाव काढलं की शहरगावचा माणूस दोन पावलं मागे सरतो. तोच माणूस घरी अंगणभर शेणाचा सडा मागतो, ती गोष्ट वेगळी. एका मास्तरांनी तर वांगं घेतलं, शेणखत ऐकलं, आणि रुमालाला हात पुसत निघून गेले. दोन-तीन बाजार टोपली सुलटी गेली. रमण उसाचं बेणं कुठून आणायचं ते आमच्या ओट्यावर बसून विचारू लागला.

तिला वाचवलं ते तिच्या फटकळपणाने.

कचेरीतल्या मोठ्या साहेबांची बायको पुण्याकडची होती. बाजार त्यांना वहिनीसाहेब म्हणे. त्यांच्यामागून शिपाई पिशवी घेऊन चाले. एका सकाळी त्यांनी जमनामायच्या टोपलीतलं वांगं दोन बोटांत उचललं आणि म्हणाल्या, "अगं बाई, याला भोक आहे!"

जमनामायने ते हिसकावून घेतलं.

"शे! भोक शे! किडा मन्हा मास्तर शे. तो जे पास करस ते मी बाजारमा लयस. ती भिलानी वांगी देखा, किडा भी तोंड लावत नही. किडाले जे नको, ते तुम्हले पायजे? ल्या. तठे ल्या. मन्हाकडे नही मिळाव."

"मी पैसे देत्येय ना?"

"पैसा भिलाले द्या. मी इकत नही जा तुम्हले."

शिपायाने डोळे मिटले. मला वाटलं, आता पोलीस येणार, आणि समोरच्या डेपोतला म्हणून मलाही नेणार. वहिनीसाहेब लाल होऊन निघून गेल्या.

पुढच्या बाजाराला त्या परत आल्या, सोबत आणखी दोन बायका. लांब उभ्या राहून त्यांनी शिपायाला पुढे पाठवलं. जमनामायने त्याला विचारलं, "गूळ टाकतस का?" तो म्हणाला, "टाकतात, पण सोडतो म्हणाल्यात."

तिथून भोकांचा काळ सुरू झाला. साहेबांच्या घरी नेतात म्हणून पोस्टातले नेऊ लागले. पोस्टातले नेतात म्हणून वकील. एकाला पित्ताचा त्रास होता, त्याला या वांग्याने उतार पडला. एका पैलवानाला ताकद आली. सराफाच्या सुनेला माहेरच्या चुलीचा वास आला. भिल्याचंच वांगं खाऊन वर्षभर ठणठणीत राहिलेल्या माणसाला अचानक आठवलं की आपलं पोट फुगतं. रुमालाला हात पुसणारे मास्तर रांगेत उभं राहून, माती कशी माय असते ते मागच्याला सांगत होते. जमनामायने नकार दिलेल्या माणसाला तर फारच मान. तो पुढच्या खेपेला पाठ करून येई: घरात पाच, आई रांधते, गूळ नाही, खोबरं नाही.

आणि सगळे भोक मागत. "हे नको हो, याला भोक नाही. ते द्या."

मग घरी जाऊन वांगं चिरायचे, आत अळी निघायची, आणि संध्याकाळी भांडायला यायचे. जमनामाय कमरेवर हात ठेवून उभी राही. "भोक पायजे, अळी नको! मंग भोक काय मन्ही सासू पाडी? ज्यानं काम करं तो घरमा नही सापडाव का?"

टोपली सलग उपडी जात होती. रमणने उसाचं बेणं शेजारच्याला देऊन टाकलं.

एक गोष्ट मला तेव्हाही खटकायची. जमनामाय ज्यावर बसायची ती आमच्याच डेपोची रिकामी गोणी होती. रमण खत नेई, खत वावरात जाई, आणि गोणी आईच्या बुडाखाली. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत इंग्रजीत आणि खाली मराठीत छापलेलं असे: रासायनिक खत. जमनामायला अक्षर येत नव्हतं. पण रांगेत पोस्ट होतं, कोर्ट होतं, शाळा होती. सगळ्यांना ती अक्षरं दिसत, वाचता येत, आणि सगळे त्यांच्यावर वाकून शेणखताचं वांगं निवडत. कुणी शब्द काढला नाही. माझ्यासारख्या अडखळत वाचणाऱ्यालाच ते दिसतं की काय, अशी मला शंका येई.

भिला मात्र गप्प बसणारा नव्हता. एका सकाळी तो माझ्याकडे दाभण मागायला आला, गोणी शिवायची आहे म्हणून. मी दिलं. पुढच्या बाजाराला त्याच्या प्रत्येक तकतकीत वांग्याला एक सुबक भोक होतं. अगदी पोटाच्या मधोमध, बेंबीसारखं. गिऱ्हाईकं खूश. भोकही आहे, अळीही नाही, आणि वांगं केवढं!

जमनामायने त्यातलं एक उचलून फिरवून पाहिलं आणि इतकी हसली की तपकिरीची डबी सांडली. "भिला, तुन्हा किडा इस्कूलमा जायेल शे रे! काय गोल भोक पाडस!"

"माय, धंदा शे," भिला म्हणाला.

"शे ना. पण एखादी अळी तं ठेव मधमा. लोके इचारतीन, मास्तर कोठे गया?"

हसली खरी, पण त्या दिवशी टोपली सुलटी गेली. त्याच्या पुढच्या वेळीही. थंडी पडली होती, वांग्याचा भर होता, आणि रमण बेणं परत मागायला शेजाऱ्याकडे गेला होता.

त्याच आठवड्यात वहिनीसाहेब म्हणाल्या, "जमनामाय, खरं-खोटं आता कळेनासंच झालंय. आम्हाला तुझी वाडीच दाखव."

खानदेशात थंडीत वाडीवर भरीत करायची रीत आहे. जमनामायने बोलावणं दिलं. "या. देखा. खावा. मंग मन्ही वाडी ऱ्हावावी का नही ते तुम्हीच सांगा." रमणला ती म्हणाली, "यास्नी जर सांगं की जमनामायनं वांगं ते जमनामायनं, तं तू ऊसनं नाव काढाव नही." रमण कबूल झाला. मला काटक्याकुटक्या गोळा करायला नेलं.

साहेब येणार म्हटल्यावर कचेरी आली, कचेरी येणार म्हटल्यावर वकील आले. एक जीप, चार बैलगाड्या. उकिरड्याजवळ येताच सगळ्यांच्या नाकाला रुमाल गेले. मास्तरांनी रुमालाआडून शेणखताचा महिमा सांगितला. जमनामायने कपाशीच्या वाळक्या पळकाठ्यांचा जाळ केला आणि वांगी आत टाकली. माणसं एवढी की वाडीतली वांगी पुरेनात. आदल्याच दिवशी तोडा झाला होता. तेव्हा रमणने, बिचाऱ्याने आईची अब्रू राखायला, उसाच्या बांधावरची आपली वांगी आणून ओतली. खत घातलेली. मीच मोजून दिलेलं खत.

"अलग भुंज!" जमनामाय ओरडली.

पण जाळात पडलेलं वांगं काळं होतं. लहान काय, मोठं काय, भोकाचं काय, बिनभोकाचं काय, साली करपल्या की सगळी एका आईची लेकरं. काढणाऱ्यांनी एकत्रच काढली, सोलली, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर कुटली. केळीच्या पानांवर भरीत, कांद्याची पात, कळण्याच्या पुऱ्या.

जमनामायने पहिला घास घेतला. मग दुसरा, दुसऱ्या बाजूने. मग ती बडगीकडे बघत राहिली.

साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली. "वा! याला म्हणतात शेणखत! खताच्या वांग्याला ही चव सात जन्मांत येणार नाही. जमनामाय, यापुढे आमच्या सगळ्या कचेरीची वांगी तुझीच. काय हो?"

"तुझीच, तुझीच," पंगत म्हणाली.

रमणने आईकडे पाहिलं आणि हसला. वाडी राहिली होती. तिने फक्त पुढची पुरी वाढायची होती.

ती पंगतीच्या मध्ये उभी राहिली.

"साहेब, यामा अर्धा मन्हा वांगा शेत. अर्धा पोऱ्याना, खतना. जाळमा एक व्हई गयात. तुम्ही खाधं ते कोनतं, माले सांगता येत नही."

चावणं थांबलं. रमणने तोंड फिरवलं. मी जाळात काटक्या सारू लागलो, जाळाची गरज नसताना.

मग वहिनीसाहेब खळखळून हसल्या. "पाहिलंत? किती ही सरळ बाई! दुसरी असती तर बोलली असती का? म्हणून तर मी हिच्याकडूनच घेते!"

"प्रामाणिकपणाचीच चव आहे ती," साहेब म्हणाले. आणि पंगतीने पुन्हा भरीत मागितलं. वाढणाऱ्याने बडगी खरवडून वाढलं.

रमण आईच्या पाया पडला. "माय, वाडी तुन्ही. आते मी बोलाव नही."

जीप गेल्यावर जमनामाय राखेजवळ बसली. मी भांडी आवरत होतो. ती माझ्याशी बोलली की राखेशी, कोण जाणे.

"मी सांगं, आयकं भी नही त्यास्नी. नि माले भी समजनं नही रे. जीभवर ठेवं, डोया मिटात, तरी समजनं नही."

मी माझ्या परीने धीर दिला. म्हटलं, मग आता शेणखताचा हट्ट कशाला? वाडी तर मिळालीच.

तिने माझ्याकडे पाहिलं, खोबऱ्याच्या दिवशी पाहिलं होतं तसं. "घरमा गाय शे. गाय शे तं शेण शे, शेण शे तं वांगं शे. ते काय मी गायले सांगू, आते देऊ नको?"

एवढंच तिचं कारण. गावातल्या लोकांकडे पित्त होतं, ताकद होती, माहेर होतं, माती माय होती, साहेब होते. तिच्याकडे गाय होती.

दोनेक वर्षांनी मला गावाजवळच्या बंदरावर काम मिळालं. नंदुरबार सोडायचा दिवस बाजाराचा निघाला. माझी पेटी घेऊन मी निंबाखाली गेलो. तिने भाकरी बांधून ठेवलीच होती.

"समुद्रकडे चालना," ती म्हणाली. "खोबरं खाशी आते." मग बसल्या जागी गोणीवर हात ठेवून म्हणाली, "जाता जाता एक काम कर. तुले वाचता येस ना? हाई काय लिखेल शे? इतला सालथीन मी याच्यावर बठस, नि मास्तर दर बाजारले इकडेच देखस."

मी पेटी खाली ठेवली आणि वाचलं. "रासायनिक खत."

तिने तपकीर ओढली. शिंक आली नाही. मग ती उठली, गोणी झटकली, अक्षरं वर करून नीट पसरली आणि तिच्यावर वांग्यांचा ढीग असा मांडला की एकही अक्षर झाकलं जाऊ नये.

पहिल्या आल्या त्या वहिनीसाहेब. चष्मा सारखा केला, वाकल्या.

जमनामायने घरात किती खाणारे ते विचारलं नाही. गुळाचंही विचारलं नाही.

"काय लिखेल शे ते वाचं का?"

"वाचलं की."

"मंग?"

"मग काय? भोकाची दे हं, दोन किलो."

जमनामायने माझ्याकडे पाहिलं. हसली नाही. वांगी तोलली, वर एक टाकलं. मागे पोस्ट उभं होतं, त्यामागे मास्तर.

गाडीची वेळ झाली म्हणून मी निघालो. स्टेशनचा रस्ता वळतो तिथे थांबून मागे पाहिलं. दुपारही झाली नव्हती, आणि निंबाखाली गोणीशिवाय काही उरलं नव्हतं. जमनामाय मोटारस्टँडकडे चालली होती. टोपली उपडी होती, डोळ्यांपर्यंत ओढलेली. समोरून कोण येतंय ते तिला दिसत नसावं. लोक बाजूला होऊन तिला वाट देत होते.